सोर्ड आर्ट ऑनलाइन: नियम पाळते तेव्हा आणि मोडते तेव्हा

प्रश्न असा आहे: गेममध्ये अडकलेल्या माणसांच्या अ‍ॅनिमेंपैकी, म्हणजे जपानी चित्रमालिकांपैकी, सर्वांत गाजलेली ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ काही जण डोक्यावर घेतात, तर काहींना ती पाहवत नाही. गेम बनवणाऱ्या माणसाच्या नजरेतून तिच्यात चांगलं काय आणि कच्चं काय?

मी ऑनलाइन गेमच्या नियमांची आखणी करतो. कुठल्या लेव्हलला किती ताकद मिळावी, मेल्यावर खेळाडूचं काय जावं, गावाच्या हद्दीत एकाने दुसऱ्याला मारता यावं की नाही, हे ठरवणं माझं रोजचं काम. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. ही मालिका स्वतःच्या खेळाचे नियम पाळते तेव्हा अव्वल आहे आणि नायकासाठी ते नियम बाजूला सारते तेव्हा ढासळते. अतिबलवान नायक, त्याच्याभोवती जमणाऱ्या मुली, घाईघाईचा शेवट अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांची मुळं इथेच सापडतात. पुढे कथेतले सगळे खुलासे येणार आहेत. मालिका पाहिली नसेल तर शेवटचे दोन परिच्छेद तेवढे आधी वाचा.

आधी कथेची बैठक. मूळ कादंबऱ्या रेकी कावाहारा यांच्या. पहिला खंड छापून आला २००९ मध्ये आणि ए-वन पिक्चर्सची मालिका आली २०१२ मध्ये. कथा सुरू होते ६ नोव्हेंबर २०२२ ला, म्हणजे त्या वेळच्या प्रेक्षकांसाठी दहा वर्षं पुढे. नर्व्हगिअर नावाचं हेल्मेट डोक्यावर चढवायचं. शरीर बिछान्यावर पडून राहतं आणि माणूस आइनक्राड नावाच्या शंभर मजली तरंगत्या किल्ल्यात वावरतो. पहिल्याच संध्याकाळी आत असलेल्या दहा हजार खेळाडूंच्या लक्षात येतं की लॉगआउटचं बटण गायब आहे. गेमचा निर्माता कायाबा अकिहिको सगळ्यांना चौकात खेचून आणतो आणि सांगतो, शंभरावा मजला जिंकल्याशिवाय सुटका नाही. आत मेलात तर हेल्मेट मायक्रोवेव्हने तुमचा मेंदू जाळेल. बाहेरून कोणी हेल्मेट काढायला गेलं तरी तेच होईल, आणि घरच्यांनी तसा प्रयत्न केल्यामुळे २१३ जण एव्हाना गेलेही आहेत.

मग तो प्रत्येकाच्या हाती एक आरसा देतो. आरशात पाहताच निवडलेले देखणे चेहरे गळून पडतात आणि ज्याचा त्याचा खरा चेहरा परत येतो. उंची बदलते, वय उघडं पडतं, मुलीचं रूप घेतलेले पुरुष पुरुष दिसू लागतात. माझ्या मते पहिल्या भागातली सर्वांत हुशार कल्पना ही आहे. ऑनलाइन गेममध्ये माणूस मोकाट वागतो, कारण चेहरा दुसऱ्याचा असतो आणि मरणाला किंमत नसते. कायाबा एका संध्याकाळी दोन्ही काढून घेतो. त्यानंतर उरतो तो खेळ नव्हे, तर वेगळे नियम असलेलं एक शहर. दिग्दर्शक तोमोहिको इतो यांनी त्याआधी मामोरु होसोदा यांच्याकडे ‘समर वॉर्स’ या चित्रपटासाठी सहायक दिग्दर्शक म्हणून काम केलं होतं. गर्दीच्या दृश्यांवरची त्यांची पकड इथे दिसते. घोषणा संपल्यावर चौकात आधी शांतता पसरते, मग एक किंकाळी उठते, मग गलका होतो, आणि त्याच गलक्यातून किरितो हा नायक निसटून एकटाच पुढच्या गावाकडे धावत सुटतो. त्याचं गणित साधं आहे: जवळचे मॉन्स्टर गर्दी संपवून टाकणार, तेव्हा आधी पुढे पोचायला हवं. गेम खेळलेल्या कोणालाही हे पटतं. पण पुढे जाताना तो नुकत्याच झालेल्या मित्राला मागे सोडतो, आणि खेळातला अचूक निर्णय माणूस म्हणून टोचतो.

दुसऱ्या भागात पहिल्या मजल्याचा बॉस, म्हणजे तो मजला राखणारा सर्वांत बलाढ्य राक्षस. पहिला महिना संपलाय, सुमारे दोन हजार माणसं मेलीत आणि एकही मजला सर झालेला नाही. आधी चाचणी-खेळ खेळलेल्या हजार जणांकडे माहिती आहे आणि बाकीचे त्यांच्यावर चिडून आहेत. माहितीप्रमाणे बॉसची हेल्थ, म्हणजे जीव मोजणारे गुण, घटली की त्याने वक्र तलवार काढायची. प्रत्यक्षात तो नोदाची ही लांब जपानी तलवार काढतो आणि नेतृत्व करणारा दियाबेल मरतो. चाचणीतली माहिती अंतिम आवृत्तीत बदललेली असणं ही आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट आहे, पण इथे त्या बदलाने माणूस जातो. लढाईनंतर सगळ्या जुन्या चाचणी-खेळाडूंवर उलटू पाहणारा राग किरितो मुद्दाम स्वतःवर ओढवून घेतो. त्याच्या एकटेपणाला इथे सामाजिक कारण मिळतं. या पात्राचं इतकं नेटकं बांधकाम मालिकेत पुन्हा फारसं झालेलं नाही.

तिसरा भाग तर मी नव्याने कामाला लागलेल्यांना आवर्जून दाखवतो. किरितो स्वतःची लेव्हल लपवून पाच जणांच्या एका छोट्या, कच्च्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, सामील होतो, कारण त्यांच्यात घरपण आहे. एका खोलीतली पेटी उघडताच दार बंद होतं, बाहेर नेणारे स्फटिक चालत नाहीत आणि त्याच्यासोबत आत गेलेले चौघेही मरतात. त्यांत साची आहे, जिला लढायची मुळापासून भीती वाटते आणि जिला त्याने तू मरणार नाहीस असं सांगितलेलं असतं. नाताळच्या रात्री एक बॉस येणार आणि तो मेलेल्याला जिवंत करणारी वस्तू देणार, अशी अफवा असते. किरितो जिवावर उदार होऊन ती मिळवतो. वस्तू खरी निघते, पण तिचा नियम असा की मृत्यूनंतर दहा सेकंदांच्या आत वापरली तरच चालेल. हेल्थ शून्य होणं आणि हेल्मेटने मेंदू जाळणं यांच्यातली फट तेवढीच. वस्तूच्या वर्णनातलं एक वाक्य संपूर्ण शोककथेचा निकाल लावतं आणि त्यात लेखकाची लबाडी कुठेही नाही. खेळाचा नियम आणि भावना एकाच बिंदूवर येऊन मिळण्याचं इतकं चांगलं उदाहरण मला या प्रकारच्या दुसऱ्या कुठल्याही मालिकेत आढळलेलं नाही.

पाचव्या-सहाव्या भागातलं खुनाचं प्रकरणही याच जातीचं. गावात कोणाची हेल्थ कमी होऊ शकत नाही, तरी गावात माणूस मरतो. कसा? द्वंद्वयुद्धाच्या नियमातली फट वापरून? झोपलेल्याचं बोट त्याच्याच पडद्यावर दाबून द्वंद्व स्वीकारायला लावायचं आणि मग त्याला मारायचं, हा प्रकार तिथे चर्चेत येतो. ऑनलाइन गेममधले खेळाडू अशाच फटी शोधतात, हे मी अनुभवाने सांगू शकतो. उत्तर मात्र वेगळंच निघतं: चिलखत झिजून फुटतं तेव्हा माणूस मरतानासारखेच तुकडे उडतात, आणि त्याच क्षणी निसटून गेलं तर मृत्यूचा देखावा उभा राहतो. मुळाशी असलेला जुना खून उलगडतो तो गेममधल्या लग्नाच्या नियमातून. नवरा-बायकोचं सामान सामायिक असतं, त्यामुळे बायको मेल्यावर अंगठी कोणाकडे जायला हवी होती, या एका प्रश्नावर नवरा पकडला जातो. त्याचं कारण ऐकून अंगावर काटा येतो. आत आल्यावर बायको धीट झाली, लोकांचं नेतृत्व करू लागली, आणि आपण मात्र घाबरून राहिलो, हे त्याला सहन झालं नाही.

आता उणिवांकडे वळतो. सर्वांत मोठी उणीव म्हणजे काळाच्या उड्या. दुसऱ्या भागात पहिला मजला, तिसऱ्यात थेट वसंत ते नाताळ, चौथ्यात पुढचा फेब्रुवारी, आणि आठव्यात आपण ७४ व्या मजल्यावर असतो. एव्हाना जवळपास दोन वर्षं उलटलीत. दुसऱ्या भागात टोपीआड चेहरा लपवून एकटी लढणारी नायिका असुना पाचव्या भागात सर्वांत ताकदवान गिल्डची उपप्रमुख म्हणून समोर येते. ती गिल्ड कशी उभी राहिली, शिस्त कोणी लावली, असुनाने भीतीवर मात कशी केली, यातलं काहीच आपण पाहिलेलं नसतं. म्हणून आठव्या भागापासूनचं किरितो आणि असुनाचं प्रेम काहींना पोकळ वाटतं, आणि ही तक्रार रास्त आहे.

याचं कारण कादंबऱ्यांच्या जन्मात आहे. कावाहारांनी पहिली कथा २००२ च्या सुमारास एका कादंबरी-स्पर्धेसाठी लिहिली होती. ती पानांच्या मर्यादेत बसली नाही, म्हणून त्यांनी ती पाठवली नाही आणि टोपणनावाने इंटरनेटवर टाकली. स्पर्धेची कथा आटोपशीर हवी, म्हणून ती पहिल्या दिवसानंतर थेट ७४ व्या मजल्यावर जाते आणि लवकरच संपते. साची, सिलिका, लिझबेथ, युई यांच्या कथा नंतरच्या जोडकथा. त्या दुसऱ्या खंडात आल्या. खुनाचं प्रकरण तर आठव्या खंडातलं. कादंबरीत आधी मुख्य कथा आणि मग मागे वळून सांगितलेले तुकडे, हा क्रम पचतो. मालिकेने हे सगळं तारखेप्रमाणे लावलं आणि शेजारी ठेवताच त्यांच्यातली भगदाडं दिसू लागली. शिवाय बहुतेक जोडकथांत एक नवी मुलगी भेटते आणि किरितोवर भाळते. वेगळ्या खंडात असलेलं हे मुख्य कथेच्या रांगेत आल्यावर ठसा मुलींच्या ताफ्याचा उमटतो. खुद्द लेखकालाही ही पोकळी भरावीशी वाटली असावी, कारण २०१२ पासून त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाने हीच कथा मजल्यामजल्याने नव्याने लिहायला घेतली. मालिकेचा दुसरा भाग त्याच लेखनावर आधारलेला आहे, म्हणूनच तो इतका भरीव आहे.

उड्यांमुळे हरवलेली आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. दहा हजारांतले बहुतेक लोक लढायला गेलेच नाहीत. ते पहिल्या गावात बसून राहिले. अकराव्या-बाराव्या भागात त्यांची झलक मिळते. एका चर्चमध्ये साशा नावाची तरुणी आत अडकलेल्या लहान मुलांना सांभाळते आणि ‘आर्मी’ म्हणवणारी गिल्ड कराच्या नावाखाली लोकांना लुबाडते. तेराव्यात तळ्याकाठी गळ टाकून बसलेला निशिदा भेटतो. गेमच्या इंटरनेट-जोडणीच्या कामापायी आत आलेला उतारवयाचा नोकरदार. दोन वर्षं आपलं काम, आपली माणसं सुटलेली, आणि वेळ घालवायला मासेमारी. किती मोठा ऐवज आहे हा! मालिका मात्र त्याच्याकडे चालता चालता पाहते आणि पुन्हा तलवारींकडे वळते.

किरितो अतिबलवान आहे, ही तक्रार मला अर्धीच पटते. चौथ्या भागात सात लुटारू मिळून त्याच्यावर तुटून पडतात आणि तो नुसता उभा राहतो. दहा सेकंदांत ते सगळे मिळून ४०० गुण घटवतात, आणि त्याचं कौशल्य तेवढ्याच वेळात ६०० भरून काढतं. आकड्यांचा अन्याय हेच लेव्हलवर चालणाऱ्या गेमचं स्वरूप असतं हे तो त्यांना तोंडावर सुनावतो, आणि ते शंभर टक्के खरं आहे. तिथे ताकद नियमातून आलेली आहे. प्रश्न सुरू होतो दोन तलवारींच्या कौशल्यापासून. साऱ्या खेळात एकालाच मिळणारं कौशल्य कुठल्याही संतुलित गेममध्ये बसणार नाही. कायाबा त्याचं समर्थन चौदाव्या भागात देतो, सर्वांत वेगवान प्रतिक्रिया असणाऱ्याला ते मिळतं असं, पण तोवर फार उशीर झालेला असतो. शिवाय गटाने खेळायच्या गेममध्ये आघाडीवर एकटा खेळाडू दोन वर्षं टिकतो, मार झेलणारा कोण, उपचार करणारा कोण याचा पत्ता नाही. सगळी रणनीती एकाने मागे हटून दुसऱ्याने पुढे येण्यापुरती. बॉसच्या लढाईत सहा-सहांचे आठ गट, म्हणजे ४८ माणसं एकत्र जाऊ शकतात. एवढ्यांना हाकणं म्हणजे काय असतं, हे मालिका दियाबेलनंतर विसरते.

चौदाव्या भागात तर नियमांची पायमल्लीच होते. गेमने शरीर लुळं केलेलं असतानाही असुना उठून किरितोवरचा वार झेलते आणि मरते. मग किरितोची हेल्थ शून्य होते, तरी त्याचा देह विरत नाही आणि तो कायाबाला भोसकतो. आणि शेवटी दोघेही जिवंत. इच्छाशक्ती यंत्रावर मात करते असं सांगायचं असेल तर सांगा, पण त्याची पेरणी आधी हवी. त्या आधीच्या उलगड्यात, म्हणजे असुनाच्या गिल्डचा प्रमुख हीथक्लिफ हाच कायाबा निघतो तिथे, ती आहे, हे विशेष. गिल्डप्रमुख हीथक्लिफची हेल्थ कधीच अर्ध्याखाली गेलेली नसते आणि दहाव्या भागातल्या द्वंद्वात तो क्षणभर अशक्य वेगाने हलतो, म्हणून किरितोचा संशय प्रेक्षकालाही पटतो. तिसऱ्या भागात दहा सेकंदांच्या नियमाने साचीला परत येऊ दिलं नाही. चौदाव्यात असुनासाठी तोच मृत्यू सैल होतो. साचीचं दुःख ज्याला लागलं, त्याला ही सवलत बोचणारच.

पंधराव्या भागापासून पहिल्या सीझनचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो आणि घसरण उघड होते. उडणाऱ्या पऱ्यांचा नवा गेम, तो आधीच्याच सर्व्हरच्या प्रतीवर उभारलेला, त्यामुळे किरितोची जुनी ताकद आयती सोबत. आतल्या मृत्यूला आता किंमत उरलेली नाही. दोन वर्षं आघाडीवर लढलेली असुना पिंजऱ्यात, आणि खलनायक सुगो निव्वळ विकृत. चोविसाव्या भागात तो असुनावर जी बळजबरी करतो, ती ज्या तब्येतीने दाखवली आहे ती मला अक्षम्य वाटते. तिच्या वेदनेचा उपयोग फक्त नायकाचा संताप वाढवायला होतो. पुढेही मालिका हीच वाट पुन्हा पुन्हा धरते: दुसऱ्या सीझनमध्ये सिनोन या नव्या नायिकेच्या बाबतीत आणि ‘अ‍ॅलिसायझेशन’ या तिसऱ्या सीझनच्या दहाव्या भागात. स्त्रीपात्रं उत्तम उभी करणारा लेखक त्यांना पेचात टाकायला दर वेळी हाच मार्ग का निवडतो, याचं समाधानकारक उत्तर मालिकेत सापडत नाही.

तरीही मी ती सोडून द्या म्हणत नाही, आणि त्याचं कारण २०१४ च्या दुसऱ्या सीझनचे शेवटचे सात भाग. युकी ही मुलगी जन्माच्या वेळी दिलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झालेली. कित्येक वर्षं रुग्णालयात, उपचारांसाठी बनवलेल्या यंत्राला जोडलेली. गेम हेच तिचं उघडं आकाश. किरितो इथे बाजूला राहतो. कथा असुनाची आणि तिच्या आईशी चाललेल्या ताणाची होते. युकीचा गट सात जणांनीच बॉस हरवू पाहतो, तोही एवढ्याचसाठी की स्मारकशिळेवर सगळ्यांची नावं मावावीत. मोठ्या गटाची नावं मावत नाहीत, पुढाऱ्यांचीच कोरली जातात, हा गेमचा नियम आहे. पुन्हा नियम आणि भावना एका जागी आल्या, आणि मालिका पुन्हा पहिल्या तीन भागांच्या उंचीवर गेली. अडकण्याची कल्पनाच इथे उलटी होते. युकीला कैद वाटतं ते शरीर, गेम नाही.

संगीताबद्दल थोडक्यात: युकी काजिउरा यांचं पार्श्वसंगीत कमकुवत प्रसंगांनाही उचलून धरतं. याच काजिउरांनी २००२ च्या ‘डॉट हॅक साइन’ला संगीत दिलं होतं. लॉगआउट न होऊ शकणाऱ्या खेळाडूची ती कथा यापेक्षा कितीतरी संथ, जवळपास सगळी संवादांची. एकटेपण समजून घ्यायचं असेल तर ती पाहा. समाज समजून घ्यायचा असेल तर २०१३ ची ‘लॉग होरायझन’. तिथे जपानचे तीस हजार खेळाडू अडकतात आणि मेल्यावर देवळात परत उठतात, पण थोड्या आठवणी गमावून. मेनूतून बनवलेल्या अन्नाला चवच नसते. कोणीतरी हाताने रांधून पाहतो तेव्हा चव येते, आणि त्या एका शोधावर बाजार, करार, शेवटी नगरसभा उभी राहते. मार झेलणारा, उपचार करणारा, डाव आखणारा यांची कामं तिथे खरी आहेत. चित्रण सपाट आहे आणि भीती जवळजवळ नाहीच. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ने ज्याकडे पाठ फिरवली ते तिने मनावर घेतलं, पण साचीसारखी जखम तिला करता आली नाही.

पाहणार असाल तर माझा क्रम असा. पहिल्या सीझनचे चौदा भाग पाहा; वेळ कमी असेल तर एक ते तीन, पाच-सहा आणि आठ ते चौदा. पंधरा ते पंचवीस यांचा सारांश पुरे: असुना नव्या गेममध्ये कैद होती, किरितोने तिला सोडवलं, आणि त्याची बहीण म्हणून वाढलेली मावसबहीण सुगुहा त्याच गेममध्ये खेळते. मग थेट दुसऱ्या सीझनचे अठरा ते चोवीस. सिनोनची कथा त्याच सीझनच्या पहिल्या चौदा भागांत आहे. गुन्ह्याचं कोडं चांगलं आहे, पण गती मंद.

त्यानंतर २०२१ चा ‘प्रोग्रेसिव्ह’चा पहिला चित्रपट. पहिला दिवस आणि पहिला मजला तिथे असुनाच्या बाजूने येतात; घाबरलेली, गेमचं काहीही ठाऊक नसलेली मुलगी तलवार धरायला कशी शिकली, हे अखेर पाहायला मिळतं. ‘अ‍ॅलिसायझेशन’ हा वेगळाच, फार लांबलेला पसारा आहे. युजिओ हे पात्र त्यासाठी वेळ द्यावा इतकं चांगलं आहे, पण त्याची घाई नको. घरात शाळकरी मुलं पाहणार असतील, तर पहिल्या सीझनचा चोविसावा आणि ‘अ‍ॅलिसायझेशन’चा दहावा भाग त्यांना एकटं पाहू देऊ नका.